दोन वजा

रविवारी सकाळी दहा वाजता वकील आईचं टेबल कापायला आले, आणि सुताराला मात्र साडेअकराची वेळ देऊन आले. मधला दीड तास त्यांनी शोकासाठी राखून ठेवला होता.

टेबल दुकानाच्या मागच्या खोलीत होतं. आठ फूट लांब, साडेतीन फूट रुंद, पाय हत्तीचे. पन्नास वर्षांपूर्वी ते त्या खोलीतच ठोकून बनवलं होतं, आणि ते कधी बाहेर काढायची वेळ येईल असं बनवणाऱ्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं. त्यामुळे दारातून ते अखंड निघणं शक्य नव्हतं. आईनं हयातभर त्याच्यावर कोट कापले. गल्ली तिला मास्तर म्हणायची. चार महिन्यांपूर्वी मास्तर गेली, आणि ती जिवंत असताना सहा-सहा महिने या खोलीत पाय न ठेवणाऱ्या तिच्या लेकरांना एकाएकी तिची फार आठवण यायला लागली.

वकिलांनी नवं घर बांधलं होतं. दिवाणखान्याच्या भिंतीत एक खण सोडला होता, वर दिवा, समोर काच. त्यात आधी मासे ठेवायचं ठरलं होतं. माशांचा वास वकिलीणबाईंना सोसेना, म्हणून आई ठेवायचं ठरलं. पुढच्या रविवारी त्याच दिवाणखान्यात स्मरणसभा होती. दीडशे माणसं येणार होती. खणात बसेल एवढा टेबलाचा तुकडा, त्यावर आईची कात्री, आईचा चष्मा आणि पाठीमागे हसरा फोटो. फोटो शोधायला पंधरा दिवस गेले, कारण आई फोटोत हसत नसे.

"मला अख्खं टेबल नकोच आहे," वकील खुर्चीवरचं कापड बाजूला सारून बसत म्हणाले. "अठ्ठावन्न इंच फक्त. उरलेला तुकडा तुलाच, धाकटे. मी काही एवढा हा नाही."

धाकटीनं मान हलवली. ती वकिलांच्या धाकट्या भावाची बायको. भाऊ जाऊन अठरा वर्षं झाली होती, पण नाव धाकटीच राहिलं. सत्तावीस वर्षं ती सासूसमोर या टेबलाच्या पलीकडच्या बाजूला उभी राहिली होती. आत्ताही टेबलावर बँडवाल्यांच्या कोटांचं लाल कापड पसरलेलं होतं, बारा कोट गुरुवारी द्यायचे होते, आणि तोंडात चार टाचण्या असल्यामुळे तिला उत्तर द्यावं लागलं नाही. शहाण्णवातून अठ्ठावन्न गेले की अडतीस उरतात. अडतीस इंचांवर बाही निघते. कोट निघत नाही. हे तिनं महिनाभर मनातल्या मनात वकिलांना समजावून सांगितलं होतं आणि मनातल्या मनात वकिलांनी ते ऐकलंही होतं.

"अडतीस इंचांवर काकू काय कापेल, रुमाल?" खिडकीच्या कट्ट्यावरून टाचणी म्हणाली. टाचणी ही वकिलांचीच मुलगी. किडकिडीत आणि टोचणारी, म्हणून आजीनं हे नाव ठेवलं होतं. गेली दोन वर्षं ती सुट्टीच्या दिवशी इथं कापायला शिकायची आणि घरी मैत्रिणीकडे जाते असं सांगायची.

"तू मध्ये बोलू नकोस."

"मध्ये कुठं, मी कडेला बसलेय."

"दादा, मुलांना सांगत बसू नकोस, वेळ कमी आहे," त्यांची बहीण म्हणाली. शाळेत तीस वर्षं शिकवून निवृत्त झालेल्या या बहिणीला सगळे बाई म्हणत, घरचेसुद्धा. सभेतलं मुख्य भाषण बाईंचं होतं. मांडीवर सात कागद होते, आणि प्रत्येक कागदावर आई थोडी थोडी अधिक सोज्वळ होत गेली होती. "ऐका. 'माझी आई म्हणजे मूर्तिमंत शांती. तिच्या मुखातून कधी कठोर शब्द बाहेर पडला नाही.'"

टाचणीला खोकल्याची उबळ आली. याच खोलीत याच आजीनं एका गिऱ्हाइकाला 'तुमच्या अंगावर कोट चांगला दिसायचा तर आधी अंग बदलून आणा' असं सांगितलेलं तिनं स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. गिऱ्हाईक पुढच्या महिन्यात परत आलं होतं. सगळीच परत यायची.

"पुढे आहे, 'आम्हा तिघा भावंडांत तिनं कधी डावं-उजवं केलं नाही.'"

"ते ठीक आहे," वकील म्हणाले, "पण तिचा माझ्याकडे जरा जास्त ओढा होता, हे कुणीही सांगेल. मी याच टेबलाखाली बसून अभ्यास केलाय. दिवा खाली सोडायची ती माझ्यासाठी."

"दिवा टाचण्या शोधायला सोडायची. आणि ओढ्याचंच म्हणशील तर मुलगी ती मुलगी, दादा. आईला मनातलं सांगायला मीच."

"काय सांगायची?"

बाई थांबल्या. त्यांनी आठवून पाहिलं. आई काय काय सांगायची ते काही आठवेना. आपण आईला काय काय सांगितलं तेवढं आठवत होतं. "ते असं चारचौघांत सांगायचं नसतं," त्या म्हणाल्या आणि पिशवीतून जाडजूड पुडकं काढलं. "पाटी आली. बघा तरी."

पितळी पाटी होती, खणाच्या वर लावायची. मोठ्या अक्षरांत 'दोन वजा' आणि खाली बारीक अक्षरांत: 'आयुष्यातून राग आणि लोभ वजा करा. आईची शिकवण.'

"आई सारखं म्हणायची ना, दोन वजा, दोन वजा," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज खरोखर भरून आला होता. "मी खूप विचार केला त्यावर. दोन म्हणजे कुठले दोन? मग एकदम प्रकाश पडला. केवढं तत्त्वज्ञान, आणि किती साधेपणानं!"

"मीसुद्धा कोर्टात वापरलंय ते एकदा," वकील म्हणाले.

धाकटीनं पाटी दोनदा वाचली. मग तोंडातल्या चारही टाचण्या काढून मनगटावरच्या छोट्या गादीला टोचल्या, कारण हसू दाबताना टाचणी गिळण्याचा धोका असतो. तिनं टाचणीकडे बघायचं टाळलं. टाचणी खिडकीबाहेर तोंड करून बसली होती आणि तिचे खांदे हलत होते. बाईंना वाटलं पोरगी रडतेय. त्यांना बरं वाटलं.

"आता एकच हवंय," बाई म्हणाल्या, "तिच्या स्वतःच्या अक्षरातलं काहीतरी. सभेत वाचून दाखवायला. पत्र, डायरी?"

"पत्रं कुणाला लिहिणार?" धाकटी म्हणाली. "तुम्ही सगळे याच गावात. मापाच्या वह्या आहेत."

ती हे सहज बोलून गेली. तिनं त्या वह्या कधी वाचल्या नव्हत्या. या दुकानात मापं धाकटी घ्यायची, मोठ्यानं सांगायची. वही आईच्या हातात आणि लिहायची आईच. कापताना धाकटीला वही लागत नसे, माप घेतलं की तिच्या डोक्यात बसायचं. फळीवरच्या जाड वह्या ती रोज फडक्यानं पुसायची, एवढाच तिचा त्यांच्याशी संबंध.

बाईंनी मधली एक वही ओढली, चष्मा लावला आणि पहिल्याच पानावर त्यांचा चेहरा उजळला. "अय्या, आईनं शेरे लिहिलेत!"

"वाच, वाच," वकील म्हणाले.

"'पोस्टमन. उजवा खांदा खाली. पिशवी बदलून घ्या सांगितलं. ऐकत नाही.' किती काळजी बघा! 'नवरदेव. कंबर चौतीस. लग्न दोन महिन्यांवर. छत्तीस कापणे.' 'गवई. गळा सोळा, फुगवून सतरा. गाण्यात फरक नाही.'"

वकील मोकळेपणानं हसले. टाचणी कट्ट्यावरून उतरून जवळ आली. पाच मिनिटं त्या खोलीत असं वाटलं की हे एक कुटुंब आहे. मग बाईंनी पान उलटलं आणि त्या हसायच्या थांबल्या, म्हणजे आधी थांबल्या आणि मग जास्तच हसल्या.

"दादा, तू आहेस! 'थोरला. पहिला काळा कोट. छाती चाळीस. माप देताना श्वास धरून उभा राहतो. सोडेपर्यंत थांबले.'"

"चूक आहे ते," वकील म्हणाले. "बेचाळीस. मी स्वतः टेपवर वाचली होती. बेचाळीस."

"आई चाळीस म्हणते."

"आईला तेव्हाच दिसायला कमी झालं असेल."

"थांब, पुढे पण आहेस. 'थोरला. नवा कोट. तीनदा घड्याळ बघितलं. मापाला लागतात सात मिनिटं.'" बाईंनी चष्म्यावरून भावाकडे पाहिलं. शाळेत वर्गासमोर उभ्या केलेल्या पोराकडे बघायच्या, अगदी तसं. "खरंच की रे दादा. नेहमी दारातूनच परतायचास. मी म्हणत नव्हते तुला? आईचा जीव तुटायचा."

"वही इकडे आण."

"का? कोर्टात दाखल करायचीय?" टाचणी म्हणाली. बाप आपल्याकडे बघतोय हे तिनं पाहिलं, पण या घडीला आत्या तिच्या बाजूला होती आणि आत्या बाजूला असण्याचे प्रसंग थोडे. तिनं ते वाया घालवले नाहीत. "आजीनं सगळ्यांना श्वास सोडायला लावला, बाबा."

वकिलांनी उठून वही हातातूनच घेतली. त्यांचं बोट सरसर खाली गेलं. कागदपत्रांत आपल्या सोयीचं शोधण्यात त्यांची हयात गेली होती. "हं. हे घ्या. 'लेक. राखाडी कोट. कंबर तेहेतीस. एकतीस लिही म्हणते. तोंडानं एकतीस म्हटलं, कापलं तेहेतिसाला. खूश होऊन गेली.'"

"दादा!"

वकिलांनी फळीवरची अलीकडची एक वही ओढली. "पुढे तर ऐक. 'लेक. निळा कोट. आरशात वीस वेळा बघितलं. मी काठी धरायला लागलेय हे दिसलं नाही.'"

बाईंनी मांडीवरचे सात कागद सारखे केले. ती काठी कोपऱ्यात अजून उभी होती. आईनं काठी नेमकी कधीपासून धरली, असं कुणी विचारलं असतं तर बाईंनी अगदी महिन्यासकट सांगितलं असतं, आणि तो महिना चुकीचा निघाला असता. त्यांना आईचा राग आला. मेलेल्या माणसावर रागावता येत नाही, म्हणून त्या जिवंत माणूस शोधू लागल्या. तो टेबलापलीकडेच उभा होता.

"आई असं लिहिणारच नाही," बाई म्हणाल्या.

"अगदी हेच मी म्हणणार होतो," वकील म्हणाले. दोन मिनिटांपूर्वी एकमेकांची कंबर आणि छाती काढणारी भावंडं पुन्हा एका बाकावर येऊन बसली. "वह्या कुणाच्या ताब्यात होत्या? सत्तावीस वर्षं इथं दुसरं कोण होतं? धाकटे, मी तुला सरळ विचारतो. आईच्या अक्षरासारखं अक्षर काढायला किती वेळ लागतो?"

धाकटीनं कात्री खाली ठेवली. तिला अपमान वाटला नाही, आश्चर्य वाटलं. सत्तावीस वर्षं सासूची आंघोळ, औषधं, शेवटी शेवटी घास भरवणं, हे सगळं करून हिनं काय मिळवलं, तर ह्या वह्या लिहायला वेळ मिळवला!

"दादा," ती म्हणाली, "तुमचा पहिला काळा कोट शिवला तेव्हा मी चौथीत होते. तुमच्या लग्नात मी या घरात नव्हते. वरची तारीख बघा की."

वकिलांनी तारीख बघितली. पुराव्यापुढं गप्प बसायची त्यांना सवय नव्हती, त्यामुळे त्यांना ते नीट जमलं नाही. ते खाकरले, रुमाल काढला, रुमाल परत ठेवला.

"तारखेचा प्रश्न नाही. प्रश्न वृत्तीचा आहे," ते म्हणाले.

"कुणाच्या?" टाचणीनं विचारलं.

तेवढ्यात सुतार आला.

*

सुतार म्हणजे याच गल्लीतला, साठीचा माणूस. अंगातला खाकी कोट मास्तरनं शिवलेला, कोपरांवर ठिगळं आणि तीही मास्तरचीच. तो आत आला, टेबलाकडे बघितलं, त्यावर तळहात ठेवला आणि तो या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत नेला. वकिलांना वाटलं तो मजुरीचा विचार करतोय.

"याला करवत लावायची?" तो शेवटी म्हणाला.

"होय. या बाजूनं अठ्ठावन्न इंच मोजून घे. अगदी काटेकोर, खण तेवढाच आहे. इंचभर वर झालं तर बसणार नाही."

"खण कशानं मोजला, साहेब?"

वकिलांना हा प्रश्न आवडला. त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून एक पिवळा पडलेला कापडी टेप काढला, घडी हळूहळू उलगडली आणि तळहातावर धरला. आई गेली त्या दिवशी खुंटीवरून तो त्यांनीच काढून नेला होता. कुणाला न विचारता, पण डोळ्यांत पाणी आणून. "कशानं म्हणजे? आईच्या टेपनं. दुसऱ्या कशानं मोजणार? तिचा खण तिच्याच टेपनं मोजला. सभेत हे सांगणार आहे मी."

सुतारानं टेपकडे बघितलं, मग धाकटीकडे बघितलं. धाकटीनं मान खाली घातली.

तिला आता फक्त गप्प राहायचं होतं. नुसतं गप्प. सुतारानं अठ्ठावन्नावर खूण केली असती, करवत चालली असती, टेबलाचा तुकडा हातगाडीवरून नव्या घरी गेला असता आणि दीडशे खुर्च्या मांडलेल्या दिवाणखान्यात, वकिलीणबाईंच्या देखत, खणाच्या कडेवर जाऊन आदळला असता. आत गेला नसता. कुणी कितीही रेटला तरी गेला नसता. हे चित्र तिनं डोळ्यांसमोर आणलं आणि ते तिला फार आवडलं. आयुष्यात सूड घ्यायची एवढी सोपी संधी तिला कधी मिळाली नव्हती, आणि किंमत फक्त एक टेबल, जे तसंही जाणारच होतं.

पण सुतारानं पेन्सिल कानावरून काढली आणि तिनं टेबलावर हात आडवा ठेवला. या टेबलावर चुकीच्या मापावर आजवर काही कापलं गेलं नव्हतं.

"दादा," ती म्हणाली, "दोन वजा केले का?"

वकिलांचा चेहरा लाल झाला. "धाकटे, ही वेळ आहे का उपदेश करायची? मला कसलाही राग नाही. आणि लोभ म्हणशील तर आठ फुटांतले पाच फूटसुद्धा मी घेत नाहीये!"

सुतार हसायला लागला. त्याला हसू आवरेना, तो टेबलाला धरून हसला. मग त्याची नजर टेबलाच्या टोकाला ठेवलेल्या पितळी पाटीवर गेली. त्यानं ती अक्षर लावत लावत वाचली आणि मग तो खाली बसला.

"राग आणि लोभ! अहो बाई, टेप आहे तो, टेप!"

"म्हणजे?" बाई म्हणाल्या.

शेवटी टाचणीनं बापाच्या हातातून टेप घेतला आणि त्याचं टोक त्यांच्या डोळ्यांसमोर धरलं. टोकाची पत्र्याची पट्टी नव्हती. एकचा आकडा नव्हता. टेप सुरू होत होता तोच दोनच्या आकड्यापासून.

"पहिले दोन इंच नाहीयेत, बाबा. या टेपवर जे वाचाल त्यातून दोन वजा करायचे. आजी तेच ओरडायची. काकू मापं घ्यायची आणि आजी म्हणायची, दोन वजा केलेस ना? तुमचा खण छप्पन्न आहे." ती क्षणभर थांबली. "आणि छाती चाळीसच होती."

"पण लोकांनाही म्हणायची ती," बाई अजून धरून होत्या. "माणसांशी बोलतानाही म्हणायची. मी ऐकलंय."

"म्हणायच्याच," सुतार डोळे पुसत म्हणाला. "कुणी फार फुशारकी मारली की मास्तर म्हणायच्या, दोन वजा. आता अख्खी गल्ली म्हणते. परवा इस्त्रीवाल्यानं सांगितलं, माझा मुलगा पहिला आला. आम्ही म्हटलं, दोन वजा. तर तिसरा आला होता."

बाई पाटीकडे बघत राहिल्या. आई शेवटची त्यांना दोन वजा कधी म्हणाली होती ते त्यांना आता लख्ख आठवलं. शाळेचा आदर्श शिक्षिका पुरस्कार दाखवायला त्या आल्या होत्या तेव्हा. आणि त्यांनी 'हो आई, प्रयत्न करते' असं उत्तर दिलं होतं.

"नवा टेप दहा मिनिटांत मिळतो," वकील चिडून म्हणाले. "मोडका टेप घेऊन कोण धंदा करतं? पन्नास वर्षं वजाबाकी करत बसायची? हा काय शहाणपणा आहे?"

"मोडका नाही," धाकटी म्हणाली. "कापलेला आहे. आमच्या यांनी कापला होता, चार वर्षांचे असताना. याच टेबलाखाली बसून. आईंनी दोन थोबाडीत मारल्या आणि टेप तसाच वापरायला घेतला. मी लग्न होऊन आले तेव्हा मी नवा आणला होता. त्या म्हणाल्या, चालतोय की. हे गेल्यावर मग मी विषय काढला नाही."

वकील टेबलाखाली बघत होते. त्यांना दिवा आठवत होता, चिंध्यांचा ढीग आठवत होता, त्या ढिगावर आपण झोपायचो तेही आठवत होतं. शेजारी धाकटा भाऊ असायचा हे त्यांच्या आठवणीतून कसं कोण जाणे गळून गेलं होतं. सभेसाठी त्यांनी जी आठवण घासूनपुसून ठेवली होती तिच्यात ते एकटेच होते.

पण पाझर फुटलेला माणूस म्हणून दिसणं वकिलांना परवडणारं नव्हतं. "ठीक आहे. छप्पन्न तर छप्पन्न. छप्पन्नावर काप. धाकटीला दोन इंच जास्तच मिळाले."

सुतारानं पेन्सिल परत कानावर ठेवली. "आज नाही, साहेब. एकाच खणाची दोन मापं झाली. आता मी येईन, लोखंडी टेपनं मोजेन, मग बघू. लाकूड एकदा कापलं की कापलं."

"मी सांगतोय ना छप्पन्न!"

"दादा, थांब." बाई उभ्या राहिल्या होत्या. त्यांचा आवाज वेगळाच येत होता. "सुतारदादा, हे दोन वजा गल्लीत किती जणांना माहीत आहे?"

"किती जणांना माहीत नाही ते विचारा, बाई."

"आणि दीडशेपैकी निम्मी गल्लीच येणार," बाई हळूच म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांसमोर दिवाणखाना उभा राहिला. पोस्टमन, गवई, इस्त्रीवाला, बँडवाले, सगळे आईच्या कोटांत. समोर काच, दिवा, पितळी पाटी. आपण भाषणाला उभ्या, आणि पहिल्या रांगेतून कुणीतरी पुटपुटतंय: दोन वजा. मग सगळा दिवाणखाना. "दादा, ते टेबल राहू दे इथंच."

"काय?"

"तो खणही नको, सभाही नको तिथं. मी त्या खणासमोर उभी राहणार नाही. तू टेबल नेलंस की लोक विचारणार कशानं मोजलं, का कापलं. मग पाटी निघणार, मग माझं भाषण निघणार. जन्मभर शिकवलंय मी या लोकांच्या मुलांना. सभा शाळेत घेऊ. साधी. फोटो, फुलं आणि चहा."

"काल तर तूच म्हणत होतीस, आईची आठवण माझ्या घरात राहू दे म्हणून!"

"काल मला माहीत नव्हतं."

वकिलांनी मुलीकडे पाहिलं. निदान रक्ताचं माणूस तरी आपली बाजू घेईल, अशी त्यांची समजूत होती.

"बाबा, मासेच ठेवा," टाचणी म्हणाली.

असं ते टेबल वाचलं. त्यावर कोट कापून पोट भरणाऱ्या बाईची कुणाला दया आली म्हणून नाही, आईवरच्या प्रेमानं तर नाहीच नाही. लोक हसतील म्हणून वाचलं. या घराण्यातले बहुतेक चांगले निर्णय आजवर असेच झाले होते, आणि पुढच्या पिढीला सांगताना मात्र त्यांना मोठ्या मनाचं नाव दिलं जात होतं. पुढच्या रविवारी शाळेतल्या सभेत वकीलही तेच सांगणार होते, की टेबल कापायला माझं मन धजावलं नाही.

जाताना वकिलांनी पाटी कागदात गुंडाळून काखेत मारली. दारापाशी ते थांबले. टेप अजून टाचणीच्या हातात होता, तो त्यांनी परत मागितला नाही.

"खरंच त्यानं कापला होता?" त्यांनी धाकटीला विचारलं.

"हो, दादा. तुम्ही शेजारीच बसला होतात, असं आई सांगायच्या. कात्री तुम्हीच दिली होती म्हणे."

वकिलांनी काखेतली पाटी सावरली आणि ते पायऱ्या उतरले. बाई त्यांच्या मागोमाग गेल्या. गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत त्यांचं भांडण ऐकू येत होतं. पाटी कुणी बनवायला सांगितली, यावरून.

*

सुतार चहा पिऊन गेला. धाकटीनं लाल कापड पुन्हा सारखं केलं. तिनं खडू घेतला नाही, नुसतीच कापडावरून हात फिरवत राहिली.

टाचणी वह्या फळीवर लावत होती. शेवटची वही सगळ्यात बारीक होती, अर्धीच भरलेली. ती चाळता चाळता थांबली.

"काकू, आजीचे स्वतःचे कोट कोण शिवायचं?"

"मी. दर थंडीला एक. का गं?"

"आणि माप?"

"मीच घ्यायचे. त्या वही धरून उभ्या राहायच्या." धाकटी जरा हसली. "शेवटची तीन वर्षं फार सुकल्या गं. दर वर्षी विचारायच्या, कमी झालं का? मी म्हणायचे, कुठं, तेवढंच आहे. छातीला छत्तीस. पहिल्यांदा चुकून दोन वजा करायचे राहिले आणि छत्तीस म्हणाले, तर त्यांचा चेहरा असा काही फुलला! मग पुढं तेच म्हणत राहिले. कापायचे खऱ्या मापाला. त्यांना काय कळणार, डोळे अधू झाले होते."

"आजीला टेप बघायला कधी लागलाय? शिवलेल्या कोटावरून अंगठा फिरवला की तिला कळायचं." टाचणीनं वही उघडीच टेबलावर ठेवली, लाल कापडावर, आणि ती धाकटीकडे सरकवली.

अक्षर आईचंच होतं, पण ओळीवरून घसरलेलं, प्रत्येक वर्षी आधीच्यापेक्षा जास्त. धाकटीनं चष्मा शोधला. तो तिच्या डोक्यावरच होता.

'मास्तर स्वतः. छाती ३४. धाकटी छत्तीस सांगते.'

'मास्तर स्वतः. छाती ३३. धाकटी छत्तीसच सांगते.'

तिसरी नोंद पानाच्या अगदी खाली होती, आणि आकड्यातला एक ओढताना पेन कागदातून आरपार गेलं होतं.

'मास्तर स्वतः. छाती ३१. धाकटी छत्तीस सांगते. सांगू दे.'

धाकटीनं ते पुन्हा वाचलं. मग चार महिन्यांत पहिल्यांदाच ती त्या टेबलाच्या पलीकडच्या बाजूला, सासूच्या बाजूला, जाऊन बसली.

"लबाड होती म्हातारी," ती म्हणाली, आणि मोठ्यानं रडायला लागली.